संकलन सुरू ठेवून सर्व्हरची डिस्क बदलायची आहे

डेअरीतला_एकटा
मंडळी, आमच्या दूध संघात सर्व्हर एकच, आणि सांभाळणाराही मी एकटाच. डेबियन 12 लिनक्स, पोस्टग्रेस डेटाबेस, 1 टीबीची फिरती सॅटा डिस्क. परवा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) 8 दिसले. गेल्या महिन्यात 0 होते.

पहाटे साडेपाचपासून गावोगावची केंद्रं दुधातल्या फॅट-एसएनएफचे (स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ) आकडे थेट इथे पाठवतात. दुपारी बिलं, सहाला परत संकलन, रात्री टँकर. चार तास बंद ठेवू का विचारलं, तर चेअरमननी असं बघितलं की दुधात पाणी मीच घातलंय.

2 टीबीची एसएसडी आणलीय, डिस्कचा एक बे (खण) मोकळा आहे, चालू मशीनमध्ये डिस्क लावता येते. एलव्हीएमवर (डिस्कची जागा एका ग्रुपात घेऊन तिचे व्हॉल्यूम पाडणारी लिनक्सची सोय) रूट म्हणजे खुद्द सिस्टिमचा व्हॉल्यूम 50 जीबी आणि डेटाचा 570 जीबी, दोन्हींवर ईएक्सटी4 फाइलसिस्टिम. एलव्हीएमच्या पीव्हीमूव्ह कमांडनं चालू फाइलसिस्टिम दुसऱ्या डिस्कवर हलते असं वाचलंय, पण हात धजत नाही. कुणी स्वतः केलंय का?

जुनी_खोड
केलंय, पुष्कळदा. भीती पीव्हीमूव्हची नको, तुमच्या डिस्कची बाळगा.

नव्या डिस्कवर पीव्हीक्रिएट मारून ती एलव्हीएमसाठी तयार करायची, मग व्हीजीएक्स्टेंडनं ती त्याच ग्रुपात घ्यायची, आणि पीव्हीमूव्ह. ते एकेका तुकड्याचा तात्पुरता आरसा नव्या डिस्कवर उभा करतं. तोवर नवीन लिखाण दोन्हीकडे जातं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की जुनी बाजू सोडून देतं. वरच्या ईएक्सटी4ला याचा पत्ताच नसतो, यूयूआयडीही (फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक) तोच राहतो. मध्ये वीज गेली तर मशीन वर आल्यावर नुसतं पीव्हीमूव्ह म्हणा, शेवटच्या टप्प्यापासून पुढे चालू होतं. टीमक्समध्ये चालवा, म्हणजे एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) तुटलं तरी काम चालूच राहतं, काळजी नाही.

आता डिस्क. वाचताच न येणारा सेक्टर वाटेत आला तर काम तिथेच अडेल. म्हणून आधी पीजीडंपनं डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर. मग डीडीनं दोन्ही व्हॉल्यूम नुसते वाचून डेव्ह-नलमध्ये ओता, म्हणजे वाचलेलं फेकून द्या; वाचताना चूक येते का तेवढंच बघायचं. पीव्हीमूव्ह फक्त व्हॉल्यूमला दिलेली जागा हलवतं, ग्रुपातल्या मोकळ्या जागेला हात लावत नाही. खराब सेक्टर तिथे असतील तर तुम्ही सुटलात.

चार_हजार_शहाण्णव
ब्लॉकडेव्ह कमांडला गेटएसएस विचारून दोन्ही डिस्कचा लॉजिकल सेक्टर किती बाइटचा ते बघून घ्या. जुन्या एलव्हीएमवर मी 512 वाल्या डिस्कवरचा एक्सएफएस (वेगळी फाइलसिस्टिम) व्हॉल्यूम 4096 वाल्या डिस्कवर हलवला होता. रीबूटनंतर माउंट व्हायलाच तयार नाही. डेटा शाबूत होता, पण परत 512 वाल्या डिस्कवर नेईपर्यंत रात्र गेली. हल्लीचं एलव्हीएम असं मिश्रण ग्रुपात घेतानाच नाकारतं. ती चूक दिसली तर सेटिंग बदलून पुढे रेटू नका.

ग्रबचा_गुलाम
बूट, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फायली, कुठंय? वेगळ्या पार्टिशनवर असेल तर पीव्हीमूव्हला ते दिसतही नाही. सगळं हलवून जुनी डिस्क काढाल, महिनाभर मजेत चालेल, आणि ज्या दिवशी रीबूट होईल त्या दिवशी काळा पडदा.

डेअरीतला_एकटा
@ग्रबचा_गुलाम, पाया पडतो. बूट वेगळंच निघालं, 1 जीबी. ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

झालं ते असं. सेक्टर दोन्हीकडे 512. दोन्ही व्हॉल्यूम डीडीनं बिनबोभाट वाचले. आख्खी डिस्क वाचायला घेतली तेव्हा शेवटाकडे चूक आली, म्हणजे मोकळ्या जागेतच. देव पावला. एसएसडीवर बूटसाठी पार्टिशन आधीच काढलं, बाकीचं एलव्हीएमला दिलं. रात्री साडेनऊला आधी रूट हलवलं, त्यात काही गंमत नाही. मग डेटा. टक्का 40 वर असताना टँकरवाला स्लिप घ्यायला आला. ती एरवीपेक्षा दोन-तीन सेकंद उशिरा छापली गेली. तो म्हणाला, "काय सायेब, कागद संपला काय?" मी म्हटलं, हो.

पावणेबाराला 100 झालं. मग व्हीजीरिड्यूसनं जुनी डिस्क ग्रुपातून काढली, बूटच्या फायली आरसिंकनं नव्या पार्टिशनवर नेल्या, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) तेवढा एक यूयूआयडी बदलला, ग्रब (मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम) नव्या डिस्कवर घातलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, जेव्हा कुणीच काही पाठवत नाही, जुनी डिस्क उपसून एक रीबूट करून बघितला. चार मिनिटं. चेअरमनना सांगितलेलं नाही.

एक राहिलं. पीव्हीमूव्हनं रिकामे ब्लॉकही लिहिले, मग एसएसडीला 620 जीबी भरल्यासारखंच वाटत असणार. एफएसट्रिम (कुठले ब्लॉक रिकामे ते एसएसडीला कळवणारी कमांड) चालू मशीनवर दिवसा मारलं तर चालेल का?

जुनी_खोड
चालेल, पण दुपारी मारा. सहाच्या रांगेत नको.