कॅनॉलच्या काठाने चालत लंडनमध्ये: साउथॉल ते लिटल व्हेनिस कोणी केलंय का? (वडील सोबत आहेत)

कृष्णाकाठ_साउथॉल

नमस्कार मंडळी, आईबाबा मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येतायत. आईचं सगळं ठरलंय, नात आणि बागा, बास. बाबांचं वेगळं आहे. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावरून जो कृष्णा कालवा निघतो त्याच्या काठाने अख्खी नोकरी पायी आणि सायकलवर झाली. एकदा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना आमच्या इथला कॅनॉल दाखवला आणि तेव्हापासून दुसरा विषयच नाही, याला हेड (सुरुवात) कुठे, टेल (शेवट) कुठे, पाणी सरकताना दिसत नाही मग आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सोडतात, शेतकरी कुठेत. मी म्हटलं हा इथून थेट पॅडिंग्टनला, लिटल व्हेनिसपर्यंत जातो, तर म्हणाले मग चालतच जाऊ की लंडनला, ट्रेन कशाला.

वय ७१, रोज सकाळी ८-९ किमी चालतात, गुडघे ठणठणीत. एका दिवसात जमेल का? टॉयलेट, खाणं (शाकाहारी), मधेच सोडायचं झालं तर जवळ स्टेशन कुठे? आणि त्यांना मुद्दाम दाखवावं असं काय आहे? घाई अजिबात नाहीये, त्यांना थांबत थांबत बघायची सवय आहे.

ग्रीनफर्डची_मावशी

अरे वा, काकांना माझा नमस्कार सांगा. हा माझा रोजचा रस्ता आहे म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणताय तो पॅडिंग्टन आर्म, म्हणजे ग्रँड युनियन कॅनॉलचा फाटा. सुरुवात हेजच्या बुल्स ब्रिजपासून, तिथे मोठं टेस्को आहे, टॉयलेट तिथेच उरकून घ्या कारण टोपाथवर (काठाच्या पायवाटेवर) सार्वजनिक टॉयलेट जवळपास नाहीतच. पूर्ण अंतर साडेतेरा मैल म्हणजे २२ किमीच्या आसपास, आणि सगळं सपाट. तरी एका दिवसात करू नका असं मी म्हणेन. जमणार नाही म्हणून नाही हो, पण थांबत बघायची सवय असलेला माणूस २२ किमीला आठ-नऊ तास सहज लावेल आणि शेवटी जिथे खरी मजा आहे तिथे पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतील. आल्पर्टनला तोडा, साधारण मध्यावर आहे. पिकाडिली लाइनचं स्टेशन कॅनॉलला अगदी लागून, वर ईलिंग रोडला चढलात की गुजराती दुकानं आणि शाकाहारी जेवण हवं तेवढं, थोडं वर गेलात तर सनातन मंदिर, त्याचं दगडातलं कोरीवकाम काकूंनाही दाखवा. त्याआधीच दमले तर ग्रीनफर्ड आणि पेरिव्हेलला सेंट्रल लाइन आहे, कॅनॉलपासून थोडं चालावं लागतं एवढंच.

नॉर्थोल्ट ते ग्रीनफर्ड पट्ट्यात पाऊस पडून गेला असेल तर चिखल असतो, चांगले बूट घाला. मे महिन्यात काठाला नेटल माजलेली असतात, हाफ पँट नको, लागली की तासभर चुरचुरतं. हंसांची पिल्लं बाहेर पडायचे दिवस असतात, नर अंगावर येतो, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आणि मागून सायकलची घंटा आली की एकाच बाजूला उभं राहायचं, हे काकांना आधीच सांगून ठेवा.

विलेस्डेनचा_वाटसरू

माझं मत वेगळं आहे. हेज ते आल्पर्टन सोडूनच द्या. गोडाउनच्या मागच्या भिंती आणि झाडी, दुसरं काय आहे तिथे? सरळ आल्पर्टनपासून सुरू करा. पार्क रॉयलला कॅनॉल नॉर्थ सर्क्युलर रोडच्या वरून जातो, खाली गाड्यांच्या रांगा आणि वर आपल्या शेजारून बोट संथ चाललेली, एवढं एक बघितलं तरी आलेलं वसूल होतं.

ग्रीनफर्डची_मावशी

वाटसरू, पूल भारीच आहे, वादच नाही. पण हॉर्सेंडन हिलचा तुकडा कसा सोडायचा? एका बाजूला टेकडी आणि कुरणं, बगळा काठावर उभा, लंडनमध्ये आहोत हे सांगावं लागतं. आणि शहरात चालत शिरायचं तर आधी शहराच्या बाहेर असायला नको का? माझ्या मते ज्याला काठाचं वेड आहे त्याने सगळा काठ चालावा.

बारामतीचा_जलसंपदावाला

काकांच्या प्रश्नांची उत्तरं मी देतो, आमची जात एकच.

हेड-टेल इथे आपल्यासारखं नाही कारण हा कालवा शेतीसाठी नाहीच, मालाच्या बोटींसाठी खणलेला, पॅडिंग्टनपर्यंत १८०१ ला सुरू झाला. आपल्या कालव्याला उतार द्यावाच लागतो नाहीतर पाणी टेलला पोचणार कसं, यांना उलट उतार नको असतो, घोडा बोट ओढणार, पाणी जितकं स्थिर तितकं बरं. म्हणून जमिनीच्या समपातळीने वळसे घेत नेलाय, बुल्स ब्रिज ते पॅडिंग्टन एकही लॉक (बोट वर-खाली न्यायची दारं लावलेली टाकी) नाही. खरं तर काउली, नॉरवुड आणि कॅम्डनची लॉक, या तिन्हींच्या मधलं सगळं पाणी एकाच पातळीत उभं आहे. काकांना सांगा, हातात लेव्हल असल्यासारखं बघत चला, भराव कुठे आणि खोदाई कुठे ते आपोआप कळेल.

आता पाणी लागतं कशाला, तर प्रत्येक बोट लॉकमधून खाली उतरली की एक लॉकभर पाणी खाली जातं. पुढे रीजंट्स कॅनॉल कॅम्डनपासून लाइमहाउसपर्यंत ८६ फूट उतरतो, तेवढं पाणी वरून भरत राहावं लागतं. त्यासाठी ब्रेंट नदी अडवून १८३५ ला तलाव बांधला, ज्याला लोक वेल्श हार्प म्हणतात. त्याचा फीडर, म्हणजे आपली चारीच म्हणा, पार्क रॉयलच्या बाजूला येऊन कॅनॉलला मिळतो. हेच यांचं आवर्तन.

आणि एक गोष्ट आदल्या संध्याकाळी नक्की करा. साउथॉल-हॅनवेलच्या हद्दीवर थ्री ब्रिजेस आहे, विंडमिल लेनला. खाली रेल्वे, तिच्यावरून लोखंडी द्रोणीतून कॅनॉल, त्याच्याही वरून रस्ता. इंजिनिअर ब्रुनेलचं काम, १८५९, त्याच वर्षी तो गेला. लगेच शेजारी हॅनवेलची सहा लॉक ओळीने उतरतात, बोट येत असेल तर थांबून दारं उघडताना बघा. मग चालताना केन्सल ग्रीनच्या दफनभूमीची लांबच लांब भिंत लागेल, ब्रुनेल तिथेच आहे. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोरही तिथेच, १८४६ साली लंडनमध्ये वारले. फाटकातून आत जायला हॅरो रोडला वर यावं लागतं, पण जा.

कॅम्डनकर

लिटल व्हेनिसला थांबू नका प्लीज. तिथून पुढे रीजंट्स कॅनॉलने प्रिमरोझ हिल फार तर तासा-सव्वा तासावर आहे. मधे मेडा हिलचा बोगदा लागतो, त्यात चालायची वाट नाही, वरच्या रस्त्याने जाऊन पलीकडे परत खाली उतरायचं.

रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड ब्रिज आहे. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे बंदुकीची दारू वाहून नेणारी बोट नेमकी पुलाखाली उडाली, बोटीवरचे तिघं गेले, पूल कोसळला. परत बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले पण फिरवून बसवले. त्यामुळे घोड्यांच्या दोरांनी घासून पडलेले खोल चरे खांबांच्या दोन्ही अंगांना आहेत, जुने पाण्याच्या विरुद्ध बाजूला आणि स्फोटानंतरचे पाण्याकडच्या. हाताचं बोट घालून बघा, अख्खं पेर आत जातं.

आणि प्रिमरोझ हिलच्या पलीकडे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना या घरात राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ ला ते घेतलं, आता स्मारक आहे. उघडं कधी असतं ते आधी बघून जा. कराडहून आलेल्या माणसाला कालव्याच्या काठाने चालत चालत त्या दारापर्यंत न्यायचं, याहून चांगला शेवट मला तरी सुचत नाही. परतीला चॉक फार्म स्टेशन जवळ.

कृष्णाकाठ_साउथॉल

मंडळी, काय लिहिलंय तुम्ही! बाबांना सगळं वाचून दाखवलं, फीडरच्या ठिकाणी मला दोनदा थांबवलं आणि तो १८३५ चा बांध मातीचा की दगडी हे विचारायला सांगितलंय. असं ठरलंय: आदल्या संध्याकाळी थ्री ब्रिजेस, पहिल्या दिवशी आल्पर्टन, एक दिवस आराम, मग आल्पर्टन ते किंग हेन्रीज रोड. त्या दिवशी आई आल्पर्टनला मंदिरापर्यंत येईल आणि ट्यूबने पुढे येऊन आम्हाला गाठेल.

बारामतीचा_जलसंपदावाला

मातीचा भराव आहे. एक दिवस जास्त काढा आणि काकांना वेल्श हार्पलाच घेऊन जा, मी पण येतो.