पावसाळ्यात वाळवणाचा धंदा कसा चालू ठेवायचा?

गुहागरची_वहिनी
पोह्याचे पापड, कुरडया, सांडगी मिरच्या, फणसपोळी करून विकते. हाताखाली गावातल्याच पाच-सहा जणी आहेत. मृग लागला की अंगणातलं काम ठप्प. त्या बिचाऱ्या काजूच्या कारखान्यात जातात, आणि दिवाळीनंतर परत येतीलच असं नाही. सोलर ड्रायर आहे, पण ऊनच नाही तर तो काय करणार? काही शक्कल सुचते का?

यंत्रवाला
विजेवरचा ट्रे ड्रायर घ्या. छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलंय, पण ते कर्जाला जोडलेलं. सध्या अर्ज घेतायत का, ते कृषी कार्यालयात विचारा.

गुहागरची_वहिनी
दादा, आमच्याकडे जुलैत वारा सुटला की आधी वीज जाते. अर्धवट वाळलेल्या कुरडया ट्रेमध्येच आंबतील.

डोंबिवलीची_माई
अगं वहिनी, लिज्जतवाल्यांनाही पाऊस चुकला नव्हता. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पापडाला ऊन नाही, ऊब लागते, एवढंच त्यांनी ओळखलं.

तू मात्र खाटेच्या नादी लागू नकोस. पापड पातळ असतो. कुरडई वरून कडक दिसते, आत ओली राहते, आणि आठ दिवसांत पिशवीत बुरशी.

मला विचारशील तर तुझी अडचण वाळवणाची नाहीच, त्या बायकांच्या रिकाम्या हातांची आहे. मग पावसात वाळवायचं कशाला? भाजा! थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ. धान्य मे महिन्यातच कडकडीत उन्हं देऊन भरून ठेव. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि प्रत्येक धान्य वेगळं भाज. बाजरी नि उडीद एकत्र टाकलेस तर एक करपतं, दुसरं कच्चं. पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला द्यायचं नाही, नाहीतर वाफ धरते. आषाढीपासून उपवासाच्या भाजणीला मागणी, पाठोपाठ दिवाळीची चकलीची भाजणी. माझं तर वर्षाचं निम्मं गिऱ्हाईक याच दिवसांतलं.

गुहागरची_वहिनी
माई, हे पटलं. कढया आहेत, चूलही आहे. पण गिरणीत गव्हावर दळलेली उपवासाची भाजणी कोण घेईल?

डोंबिवलीची_माई
कोणी नाही, आणि घेऊही नये. उपवासाचं घरघंटीवरच, आणि ती घरघंटी फक्त त्यालाच. वीज असेल तेव्हा दळून घ्यायचं. भाजलेला राजगिरा नि वरी डब्यात दोन दिवस थांबतात, कुरडईसारखे आंबत नाहीत. साबुदाणा मात्र नीट फुलेपर्यंत भाज, कच्चा राहिला तर थालीपीठ चिकट होतं. पहिल्या खेपेला पाच किलोच कर आणि गावातच खपव.