दमट हवेत रोजचा मेकअप ११ वाजेपर्यंतही टिकत नाही, नेमकं काय चुकतंय?

बकुळ (रत्नागिरी)

नमस्कार. लग्नकार्याच्या नाही, रोज ऑफिसला जातानाच्या साध्या मेकअपबद्दल विचारायचं आहे. रंग सावळा, कपाळ आणि नाक तेलकट, गाल साधारण. ९ वाजता घरातून निघायचं, स्कूटरवर अर्धा तास, डोक्यावर हेल्मेट. ऑफिसात पंखे आहेत, एसी नाही.

सध्याचा क्रम असा: आंघोळ, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा थर), फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ, टिकली, लिपस्टिक. अडचणी चार आहेत. प्रायमर लावताना चेहऱ्यावरून मळीसारखे बारीक गोळे निघतात. फाउंडेशन लावल्यावर चेहरा राखाडी दिसतो आणि गळा वेगळाच. ११ वाजेपर्यंत नाकाच्या बाजूला चट्टे पडतात, वरून कॉम्पॅक्ट लावला की आणखी थापल्यासारखं होतं. आणि काजळ डोळ्यांखाली उतरतं.

महागडी खरेदी नको आहे. आहे त्या सामानात काय बदलावं, आणि नवीन घ्यायचंच तर काय बघून घ्यावं?

---

अबोली

बकुळताई, सामानापेक्षा थर जास्त झालेत. आपल्याकडच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, त्वचेवर साचून राहतो. वर क्रीमचे पाच थर असले की तो खालून सगळं उचलतो. म्हणून थर कमी, प्रत्येक थर पातळ, आणि दोन थरांमध्ये वाळायला वेळ. यातलं तिसरं बहुतेक जणी गाळतात.

आंघोळीपासून सुरुवात करते. कढत पाण्याने आंघोळ करून लगेच आरशासमोर बसलात तर अंग तापलेलं असतं आणि पुढची १५-२० मिनिटं घाम येतच राहतो. शेवटचे दोन तांबे गार पाण्याचे घ्या, चेहरा टिपा, मग आधी साडी किंवा ड्रेस, केस, डबा उरका. मेकअप सगळ्यात शेवटी आणि पंख्याखाली.

मॉइश्चरायझर जेलसारखं, ग्लिसरीन असलेलं, वाटाण्याएवढं पुरे. पावसाळ्यात कपाळ-नाक फारच तेलकट होत असेल तर ते फक्त गालांना लावा. सनस्क्रीनमध्ये मात्र काटकसर नको. डब्यावरचा एसपीएफ आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन धरून मोजलेला असतो. थोडंसं चोपडलं तर ५० लिहिलेलं असूनही तेवढा बचाव मिळत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, हे चेहरा आणि गळा मिळून एका वेळचं माप. एकदम लावायला जड वाटलं तर आधी एक रेघ, दोन मिनिटांनी दुसरी. एसपीएफ ३० ने अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ने सुमारे ९८ टक्के. त्यामुळे ५० च्या पुढच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

सनस्क्रीननंतर १० मिनिटं थांबा. तुमचे गोळे बहुधा इथेच तयार होतात. ओल्या सनस्क्रीनवर प्रायमर चोळला की खालचा थर गुंडाळला जातो. शिवाय प्रायमर सिलिकोनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर ती दोन्ही एकमेकांवर नीट बसत नाहीत. घटकांच्या यादीत सुरुवातीच्या तीन-चार नावांत डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन दिसलं तर ते सिलिकोनवालं. माझं मत विचाराल तर रोजसाठी प्रायमर काढूनच टाका. फार तर नाकाच्या बाजूच्या रंध्रांवर तांदळाच्या दाण्याएवढा, तोही दाबून. चोळायचा नाही.

फाउंडेशन पूर्ण चेहऱ्याला लागतंच असं नाही. अर्धा पंप हाताच्या मागच्या बाजूला घ्या. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज त्यात टेकवा आणि जिथे रंग असमान आहे तिथेच, म्हणजे नाकपुड्यांच्या कडा, ओठांभोवती, हनुवटी, थापत जा. कपाळावर आणि गालांच्या बाहेरच्या बाजूला स्पंजला जे उरलं असेल तेवढंच. हेल्मेटचं अस्तर नेमकं तिथेच घासतं, तिथे जाड थर टिकणारच नाही. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी किंवा रुमाल बांधला तर कपाळाचा घाम तो शोषतो.

पावडर पफने दाबून लावायची, तीही फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीला. पफवर घेतल्यावर तो दुमडून आपल्याआपल्यावर चोळा, म्हणजे पावडर आत मुरते आणि चेहऱ्यावर ढीग पडत नाही. क्रीम ब्लश वापरत असाल तर पावडरच्या आधी, पावडर ब्लश असेल तर नंतर. उलटं केलं तर डाग पडतात.

आता ११ वाजताचे चट्टे. घामावर थेट कॉम्पॅक्ट लावला की पावडर, घाम आणि तेल यांचा लगदा होतो, तोच थापल्यासारखा दिसतो. आधी साधा टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर चेहऱ्यावर ठेवून पाच सेकंद दाबा. ओढायचा नाही, ओढला की फाउंडेशन सोबत येतं. चट्टा पडलाच असेल तर स्वच्छ बोटाच्या उबेने तो थापून एकसारखा करा आणि मग जरासा कॉम्पॅक्ट. पुष्कळदा नुसतं टिपण्याने भागतं.

गुलाबपाणी फवारून मेकअप बसतो असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. सेटिंग स्प्रेमध्ये पातळ पापुद्रा धरणारे घटक असतात, गुलाबपाण्यात ते नसतात. दमट हवेत ते फक्त चेहरा ओला करतं.

---

सुरंगी (मालवण)

अबोलीताईंशी सहमत, फक्त सनस्क्रीनबद्दल एक जोड. वांग असेल किंवा मुरुमांचे काळे डाग लवकर जात नसतील तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची झाक असलेलं, सनस्क्रीन घ्या. त्यातले आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतात, आणि वांग वाढण्यात त्या प्रकाशाचाही हात असतो. सावळ्या रंगावर सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडची पांढरी झाक दिसते, तीही टिंटने झाकली जाते. पुष्कळ जणींना मग फाउंडेशनची गरजच उरत नाही.

काजळाचं सांगते. खालच्या पापणीची आतली ओली कडा कायम ओलीच राहणार. तिथे भरलेलं काजळ वॉटरप्रूफ असलं तरी आपल्या हवेत खाली सरकतंच. रेघ पापणीच्या केसांच्या मुळांशी, बाहेरच्या अर्ध्या भागात, बारीक ओढा. त्याआधी डोळ्यांखालचं क्रीम किंवा कन्सीलर टिश्यूने टिपून घ्या, कारण काजळ उतरतं ते घामापेक्षा त्या तेलकट थरामुळे. रेघेवर त्याच रंगाची आयशॅडोची पावडर चपट्या बारीक ब्रशने दाबली की ती धरून राहते. भरलेला डोळा हवाच असेल तर काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी लावा, तिथून ते गालावर येत नाही.

रात्री काढताना कापसावर खोबरेल तेलाचे चार थेंब, मिटलेल्या डोळ्यावर २० सेकंद धरायचं, मग वरून खाली पुसायचं आणि नंतर फेसवॉश. खोबरेल काढण्यासाठी उत्तम, पण सकाळी मेकअपखाली लावू नका. बेस घसरतो, आणि तेलकट त्वचेवर रंध्रं बुजून पुळ्या येतात. पारंपरिक दगडी सुरमा तर नकोच, त्यात शिशाचं सल्फाइड असतं.

टिकली मेकअपवर चिकटत नाही, म्हणून कपाळाचा तेवढा ठिपका कोरड्या टिश्यूने पुसून मग लावा आणि दहा सेकंद दाबून धरा. टिकलीखाली खाज किंवा फिकट डाग दिसला तर लगेच थांबवा. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, त्याने त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. रात्री काढून ठेवायची ती याचसाठी. आरशाला चिकटवून तीच चार दिवस वापरायची सवयही सोडा.

ओठांना कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) रात्री लावा, सकाळी नाही. ते ओठांच्या उबेने मऊ पडतं आणि त्यावर लिपस्टिक सरकते. सकाळी लिपलायनरने पूर्ण ओठ भरा, मॅट लिपस्टिकचा एक हात, टिश्यूवर ओठ मिटा, दुसरा हात. वीटकरी, मरून आणि जांभळट गुलाबी सावळ्या रंगाला खुलून दिसतात. फिकट गुलाबीने ओठ पांढरट पडतात. दुपारच्या जेवणात खोबऱ्याचं कालवण असेल तर त्या स्निग्धतेने मॅट लिपस्टिकही सुटते, आतून उडते आणि कडेला राहते. तिच्यावर तिसरा थर न देता पुसून नव्याने लावा.

---

केवडा

राखाडी चेहऱ्याचा प्रश्न राहिला. छटा एक-दोन पायऱ्या उजळ घेतली, किंवा गुलाबी झाकेची घेतली, की सावळ्या रंगावर ती राख फासल्यासारखी दिसते. आपल्याकडे बहुतेकींना सोनेरी, पिवळसर किंवा ऑलिव्ह झाक लागते. दुकानदार मनगटावर लावून दाखवतात, तिथे बघू नका, मनगट आणि चेहरा यांचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या कडेवर, गळ्याकडे जाणाऱ्या तीन रेघा तीन छटांच्या ओढा आणि दुकानाच्या ट्यूबलाइटमधून बाहेर उजेडात या. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. पण लगेच पैसे देऊ नका, २० मिनिटं बाजारातली दुसरी कामं करून या. काही फाउंडेशन तेल आणि हवेच्या संपर्काने गडद किंवा नारिंगी होतात, ते तेवढ्या वेळात कळतं.

आंब्याच्या दिवसांत ऊन लागून रंग गडद होतो, पावसाळ्यात पुन्हा खुलतो. एका मोठ्या बाटलीपेक्षा दोन लागोपाठच्या छटांच्या छोट्या ट्यूब घेऊन मिसळलेल्या बऱ्या.

वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटक असायलाच हवेत. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ आकडा असतो, तो उघडल्यानंतरचे महिने सांगतो. मस्कारा ३ ते ६ महिन्यांत टाकून द्या.

आणि हे कळकळीने सांगते: आठ दिवसांत गोरं करणारी, बिनलेबलची किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब चेहऱ्याला लावू नका. अशा ट्यूबमध्ये बरेचदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइड असतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते, पुरळ येतं. आधीच वापरात असेल तर मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण अचानक थांबवल्यावर सगळं उफाळून येतं. काही बेकायदा क्रीममध्ये पाराही सापडतो, तो मूत्रपिंडांना घातक आहे.

---

बकुळ (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रायमर उद्यापासून बंद. आणखी दोन प्रश्न. गणपतीत दिवसभर चुलीजवळ, मोदकांच्या वाफेत असताना काय ठेवावं? आणि पावसात स्पंजला काळे ठिपके येतात, ते धुऊन जातात का?

---

अबोली

वाफेत बेस नकोच. सकाळी काजळाची रेघ, टिकली आणि लिपस्टिक एवढंच. आरतीच्या अर्धा तास आधी स्वयंपाकघरातून बाहेर या, गार पाण्याने चेहरा धुवा, पंख्याखाली घाम थांबू द्या, मग फाउंडेशन आणि पावडर.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती आतपर्यंत गेलेली असते, धुऊन जात नाही. तो स्पंज टाका. नवीन स्पंज रोज वापरून झाला की साबणाने धुवायचा, पिळायचा आणि डबीत न ठेवता पंख्याखाली उघडा ठेवायचा. पाऊस लागलेला असताना एका दिवसात तो वाळत नाही, म्हणून दोन आलटून पालटून वापरा. ब्रश आठवड्यातून एकदा. धुताना केस खाली राहू द्या, आणि वाळवताना टेबलाच्या कडेला आडवा ठेवून केस बाहेर येऊ द्या. उभा ठेवला तर पाणी धातूच्या पट्टीत उतरतं, गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. कॉम्पॅक्टवर कडक चकचकीत पापुद्रा आला असेल तर तो घामाचा आणि तेलाचा आहे. चिकटपट्टी हलकी दाबून उचला, खालची पावडर चांगली निघते. आणि डबी बाथरूममध्ये नको, कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.