पुण्यात ओटा फोडताय? मग गॅस परत घेऊ नका

कर्वेनगरकर:
आमच्या सोसायटीत सध्या तीन-चार घरांत स्वयंपाकघराचं काम निघालंय आणि सगळीकडे एकच वाद: नव्या ओट्यात शेगडी ठेवायची की थेट इंडक्शन? माझं मत असं की ओटा फोडणारच असाल तर गॅसला परत घरात घेऊ नका. चांगल्या आयएसआय शेगडीतही जवळजवळ एक तृतीयांश उष्णता भांड्याच्या कडेनं निघून जाते. मे महिन्यात पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारा ही उष्णता कुठे जाते. शिवाय ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो आपण दोन वेळा हुंगतो. आणि देशात लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, म्हणजे आखातात खुट्ट झालं की आपल्या सिलिंडरचा भाव हलणार. अंघोळीचं पाणी पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत सोलरवर आहेच. मग राहिलं काय? फोडणी आणि पोळ्या.

पेठेतला:
राहिलं वीजबिल. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. 100 युनिटच्या वर गेलात की दर कसा उडी मारतो ते माहीत आहे ना? आम्ही दोघंच, कसेबसे शंभरात बसतो. इंडक्शन आणला की सगळंच बिल महाग दरानं.

हिशेबनीस:
पेठेतला, सगळं नाही. 101 व्या युनिटपासून पुढचीच युनिटं वरच्या दरानं लागतात, पहिली शंभर जुन्याच दरानं. हा गैरसमज अर्ध्या पुण्यात आहे.

पण तुमचा मुद्दा तरी बरोबरच निघतो. 14.2 किलोच्या सिलिंडरनं जेवढा स्वयंपाक होतो, त्याला इंडक्शनवर साधारण 135 युनिटं लागतात. म्हणून सिलिंडरच्या किमतीला 135 नं भागा. 900 रुपयांचा सिलिंडर असेल तर उत्तर येतं 6 रुपये 67 पैसे. तुमचं वरचं युनिट याहून स्वस्त पडत असेल तर वीज परवडली, नाहीतर गॅस. पाइप गॅसवाल्यांनी एका घनमीटरच्या दराला 6 नं भागावं. आणि युनिटचा भाव काढताना नुसता वीज आकार धरू नका, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्कही धरा. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आज गॅसच जिंकतो. कर्वेनगरकरांनी हे मान्य करूनच पुढे बोलावं.

कर्वेनगरकर:
मान्य. पैसे वाचतात असं मी म्हटलंच नव्हतं. आपण एसी लावतो तेव्हा पंखा स्वस्त पडतो म्हणून थांबतो का?

सिंहगड रोडची काकू:
अरे बाळांनो, भाकरीचं कोणी बोलणार आहे का? ज्वारीची भाकरी शेवटी जाळावर टाकल्याशिवाय टम्म फुगत नाही. भरताचं वांगं काय मायक्रोवेव्हमध्ये उकडू? माझी अर्धी भांडी हिंडालियमची, दोन पितळेची. ती तुमच्या त्या काचेवर तापत नाहीत, नुसतं टुंई टुंई वाजतं.

बाणेर_भाडेकरू:
काकू, लोखंडी तवा चालतो आणि भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबून फुगते, माझी आई सोलापूरची आहे, रोज करते. वांग्याला मात्र उत्तर नाही. इन्फ्रारेड शेगडीवर कुठलंही भांडं चालतं आणि जाळीही ठेवता येते, पण ती इंडक्शनपेक्षा वीज जास्त खाते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. घरात लहान मूल असेल तर जपून.

पेठेतला:
आणि गुरुवार? देखभालीसाठी सकाळी वीज गेली की डबा कशावर करायचा? घरच्या साध्या इन्व्हर्टरवर दोन हजार वॉटचा इंडक्शन चालत नाही.

कर्वेनगरकर:
एक छोटा सिलिंडर अडगळीत ठेवा की. नाहीतर गुरुवारी उपास धरा, पुण्यात परंपरा आहेच!

नदीपात्र:
विनोद ठीक आहे, पण "स्वच्छ" हा शब्द येण्याआधी सांगतो. आपली वीज मुख्यतः कोळशाची. एक युनिट म्हणजे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. 135 युनिटांचे झाले 95 किलोच्या आसपास. तोच सिलिंडर जाळला तर 42-43 किलो. म्हणजे तुमचं स्वयंपाकघर स्वच्छ, वीजकेंद्राचा धूर चंद्रपूरकरांच्या नाकात.

कर्वेनगरकर:
हा आकडा झोंबणारा आहे, खोटा नाही. पण तुमची शेगडी वीस वर्षांनीही तेवढाच गॅस जाळणार, विजेतला कोळशाचा वाटा मात्र कमी होत जाणार. आणि गच्चीचा हक्क असलेल्या बंगलेवाल्यांना तर सबबच नाही: पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या 3 किलोवॉट सोलर पॅनेलला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि पुण्यात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं निघतात.

नदीपात्र:
बंगलेवाले! किती आहेत हो आता? आमच्या बारा मजली इमारतीची गच्ची सव्वाशे घरांत वाटली तर माझ्या वाट्याला एक पॅनेल नीट येत नाही. तीन वार्षिक सभा त्यावरच गेल्या.

वायरिंगवाला:
मी हीच कामं करतो म्हणून लिहितो. दोन हजार वॉट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. मिक्सरच्या 6 अँपिअर सॉकेटमध्ये लोक इंडक्शन खुपसतात, प्लग वितळतो, मग दोष इंडक्शनला. स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार असते, ती जमिनीपर्यंत पोचलेली असतेच असं नाही. इंडक्शन, गीझर, एसी एकत्र चालवायचे तर आधी बिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तो बघा. थ्री फेज घेतलं तर स्थिर आकारही वाढतो, तो हिशेबनीसांच्या गणितात नव्हता.

आणि तुम्ही सगळे शेगडीवर भांडताय. बाथरूममधला गॅस गीझर आधी काढा. झरोका बंद, खिडकी बंद, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक बादली गरम पाण्याला वीज लागते जेमतेम अर्धं युनिट.

सिंहगड रोडची काकू:
हे पटलं. गीझरचं उद्याच बघते. शेगडी राहणार.