गिल्बर्ट हिल लाव्हाची, मग शंकू कुठे गेला?

अंधेरीकर:
गेल्या रविवारी नववीतल्या लेकीला घेऊन गिल्बर्ट हिलवर गेलो होतो. पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळापाशी पोहोचल्यावर तिने विचारले की, ही टेकडी लाव्हाची असेल तर माथ्यावर ज्वालामुखीचे तोंड का नाही? तिच्या वहीत जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन प्रकार लिहिलेले आहेत, पण चित्र एकच आहे, टोकदार शंकूचे. मला काही उत्तर देता आले नाही. ज्वालामुखींचे आकार वेगवेगळे का होतात आणि आपली मुंबई त्यांपैकी कशातून घडली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरच्या बाई (निवृत्त भूगोल शिक्षिका):
वहीतले तीन प्रकार चुकीचे नाहीत. मात्र ते ज्वालामुखी सध्या काय करतो आहे एवढेच सांगतात, तो कसा घडला हे सांगत नाहीत. हा घोटाळा मी वर्गात अनेक वर्षे पाहिला आहे. आकार ठरतो तो मुख्यतः शिलारसातील, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातील, सिलिकावर (वाळूतला मुख्य घटक) आणि त्यात कोंडलेल्या वायूंवर. पाकाचे उदाहरण घ्यावे: एकतारी पाक ताटात ओतला की दूरवर पसरतो, गोळीबंद पाक पडल्या जागीच राहतो. सिलिका कमी असलेला बेसाल्टचा रस पहिल्यासारखा वाहतो आणि त्याचे थरावर थर साचून हवाईतील मौना लोआसारखा मंद उताराचा, पालथ्या ढालीसारखा पर्वत तयार होतो. तो समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, आणि सागरतळापासून मोजला तर ९ किलोमीटरच्या आसपास भरतो.

सिलिका वाढली की रस घट्ट होतो, वायूंना सहज बाहेर पडता येत नाही आणि दाब असह्य झाला की स्फोट होतो. मग कधी राख तर कधी लाव्हा, असे आलटूनपालटून थर साचत जातात आणि फुजी किंवा व्हेसुव्हियससारखा उभ्या उताराचा मिश्र शंकू घडतो. असे ज्वालामुखी बहुधा जिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली जातो तिथे आढळतात, कारण खाली जाणाऱ्या पट्टाबरोबर गेलेले पाणी वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या जाड थरात) शिरते आणि तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरवते. हवाईत तसे घडत नाही. तिथे खालून वर सरकणाऱ्या तप्त खडकावरचा दाब कमी झाल्यामुळे तो वितळतो. निखाऱ्यासारख्या सच्छिद्र तुकड्यांचे छोटे शंकूही असतात. मेक्सिकोत १९४३ मध्ये मक्याच्या शेतात उगवलेला पारिकुतिन वर्षभरात ३०० मीटरहून उंच झाला आणि १९५२ मध्ये थंडावला.

कातळवेडा, बोरिवली:
बाईंनी छान समजावले आहे. मुंबईचे उत्तर मात्र यांपैकी कशातच पूर्णपणे बसत नाही. दख्खनचे पठार प्रामुख्याने भेगीय उद्रेकांतून घडले, म्हणजे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ बेसाल्ट प्रचंड प्रमाणात वाहून आला. शंकू उभा राहण्यासाठी रस एका तोंडाभोवती साचावा लागतो. इथे तो सपाट पसरत गेला, म्हणूनच सह्याद्रीच्या कड्यांवर आपल्याला आडवे पट्टे दिसतात. त्याची बारीकशी कल्पना हवी असेल तर आइसलँडमधील लाकी पाहावी, जिथे १७८३ मध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने उद्रेक चालला. दख्खनपुढे तोही किरकोळच, कारण आपल्याकडे झिजून उरलेला लाव्हाच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातला बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून मुंबईतले काही खडक त्याहून थोडे उशिराचे आहेत.

गिल्बर्ट हिलला लोक सर्रास ‘ज्वालामुखी’ म्हणतात, ते मला पटत नाही. ती थिजलेल्या रसाची आतली बाजू आहे. भोवतीचा खडक काही निसर्गाने झिजवला आणि बराचसा आपण खाणी काढून संपवला. लेकीला माथ्याऐवजी पायथ्याशी न्यावे आणि सुमारे २०० फूट उंचीचे ते उभे खांब दाखवावेत. रस निवताना आकसतो, आटलेल्या तळ्यातल्या गाळाप्रमाणे त्याला भेगा पडतात आणि थंडावा जसजसा आत शिरतो तसतशा त्या भेगाही खोल जात राहतात, त्यातून हे बहुकोनी खांब सुटे होतात.

अंधेरीकर:
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे मुंबईत स्फोट झालेच नाहीत, सगळा रस शांतपणे वाहिला, असे समजावे का? आणि भारतात शंकू असलेला ज्वालामुखी पाहायचाच झाला तर तो कुठे आहे?

कातळवेडा, बोरिवली:
तसे समजू नये. मुंबईत बेसाल्टखेरीज ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे सिलिका अधिक असलेले खडकही आहेत. जुन्या इमारतींना लावलेला पिवळसर ‘मालाड स्टोन’ त्याच घराण्यातला. कान्हेरीची लेणी तर उद्रेकात फुटून पुन्हा एकजीव झालेल्या तुकड्यांच्या खडकात कोरलेली आहेत. तिथल्या भिंतीत अडकलेले कोनदार दगड नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

दादरच्या बाई:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदमान समुद्रात आहे. तिथले बॅरन बेट हा मिश्र शंकूचा, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा उसळला आणि त्यानंतरही त्याचे अनेक उद्रेक झाले आहेत. तिथे भारतीय पट्ट पूर्वेकडच्या पट्टाखाली जातो, त्यामुळे वहीतले चित्र त्याला नेमके लागू पडते.