क्लोव्हरफील्ड : शेवटी समुद्रात नक्की काय पडतं?

सायली_दापोली
माळा आवरताना जुना हँडीकॅम सापडला. टेप लावली तर भाच्याच्या बारशात मध्येच आमची हर्णैची सहल डोकावून गेली. त्याच टेपवर बारसं घेतलेलं! लगेच २००८ चा क्लोव्हरफील्ड सिनेमा आठवला, न्यूयॉर्कवर राक्षस चालून येतो आणि सगळं हँडीकॅममधूनच दिसतं तो. रॉब-बेथ या जोडीच्या कोनी आयलंडला, समुद्रकाठी घालवलेल्या दिवसावरच रॉबचा मित्र हड हल्ल्याची ती सगळी रात्र रेकॉर्ड करतो, आणि मधल्या फटींतून तो जुना गोड दिवस दिसत राहतो. राक्षसापेक्षा मला तेच जास्त लागलं होतं. तर त्या जुन्या दिवसाच्याच शेवटच्या शॉटमध्ये मागे उजवीकडे समुद्रात काहीतरी पडतं. नवरा म्हणतो थिएटरातच दिसलं. थापा! तुम्ही कुठे पाहिलात, आणि काय पडलं?

बोकोबा
राक्षसच. आकाशातून आला. विषय संपला.

टेपरेकॉर्डर
संपला कसा? तो उपग्रह आहे. सिनेमाच्या आधी प्रसिद्धीसाठी जे कोडं पसरवलं होतं त्यात ताग्रुआतो ही काल्पनिक जपानी कंपनी होती, तिच्या वेबसाइटवर जपान सरकारच्या उपग्रहाचा तुकडा समुद्रात पडल्याचं होतं. राक्षस समुद्राखालीच होता, याने जागा झाला. आणि दिग्दर्शक मॅट रीव्हज स्वतः म्हणालाय की ते पिल्लू आहे, आईपासून तुटलेलं, घाबरलेलं.

बोकोबा
पिल्लू म्हणे. स्वातंत्र्यदेवतेचं मुंडकं रस्त्यात भिरकावतंय.

मावशी_कोथरूड
माझी दोन्ही नातवंडं घाबरली की तेच करतात.

जर्सीकर
आम्ही इथे न्यू जर्सीत पाहिला. कॅमेरा हलतो, मळमळेल, अशा पाट्या तेव्हा इकडच्या बऱ्याच थिएटरांत लागल्या होत्या. लोक हसत आत गेले. पण इमारत कोसळून धुळीचा लोट रस्त्यात येतो ना, तिथे शेजारची मैत्रीण उठून गेली. २००१ मध्ये जुळे मनोरे पडले तेव्हा ती खालच्या मॅनहॅटनमध्ये कामाला होती. मी तिच्या मागे गेलो, त्यामुळे ब्रुकलिन पूल पडताना पाहिलाच नाही. नंतर घरी पाहिला, एकट्याने.

सायली_दापोली
😔 हे कधी सांगितलं नव्हतंस.

गोठा_ते_गुगल
हडबरोबरच्या मार्लेनाचं कोणी बोलेना? राक्षसाच्या अंगावरून पडलेले ते किडे तिला चावतात आणि पडद्याआड ती फुटते. विष की अंडी? आमचे दादा म्हशीच्या गोचिडी काढता काढता बघत होते. म्हणाले, "गोचीड रक्त पिऊन आपण फुगते, म्हैस कुठं फुगते?" बरोबर आहे की.

टेपरेकॉर्डर
अंडी असती तर काहीतरी बाहेर आलेलं दिसलं असतं. विष.

गोठा_ते_गुगल
पडद्याआड आहे म्हणूनच दिसलं नाही ना राव

चहाबाज
माझा एकच प्रश्न. बॅटरी. आमच्या लग्नात कॅमेऱ्याने मंगलाष्टकं संपायच्या आत मान टाकली होती. हडचा संध्याकाळच्या पार्टीपासून सकाळपर्यंत चालतो??

मावशी_कोथरूड
सायली, त्या टेप लवकर डिजिटल करून घे. बुरशी दिसली तर मशिनमध्ये घालू नकोस. आमच्या मुंजीची गेली.

सायली_दापोली
हो मावशी, स्टुडिओवाल्याला विचारते. दोन टेपांवर पांढरं दिसतंय 😟

निशाचर
सुरुवातीलाच पाटी येते, कॅमेरा "पूर्वी सेंट्रल पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या" जागेत सापडला. म्हणजे बॉम्ब टाकून सगळं सपाट केलं. पण श्रेयनामावली संपल्यावर कुजबुज ऐकू येते, ती उलटी वाजवली की "अजून जिवंत आहे". हॉस्टेलला आम्ही रात्रभर उलटसुलट वाजवत बसलेलो, दुसऱ्या दिवशी व्हायवा होती.

बोकोबा
पूर्वीचं सेंट्रल पार्क? नामांतर झालं असेल हो. उगाच बॉम्ब कशाला.

चहाबाज
😂😂 पाटी बदलायला आपल्याकडचे गेले असतील

जर्सीकर
मला त्यांच्यातल्या लिलीचं कळलेलं नाही. तिचं हेलिकॉप्टर आधी उडतं, मग तिचा उल्लेखच नाही. ती वाचली, असं मी धरून चालतो.

टेपरेकॉर्डर
मीपण. पुरावा शून्य. बाकी २०१८ च्या 'द क्लोव्हरफील्ड पॅराडॉक्स' सिनेमाने विचका केला. शेवटी ढगांतून डोकं काढतो तो राक्षस केवढा मोठा! हा तोच की याचा बाप?

मावशी_कोथरूड
आई असेल. पिल्लू शोधत आली.

निशाचर
मावशी 🙏 हे आमच्या हॉस्टेलात कुणाला सुचलं नाही.

गोठा_ते_गुगल
आता शिन गॉडझिला या जपानी सिनेमातल्या राक्षसाच्या शेपटीच्या टोकाला ती माणसांसारखी काय उगवलीत ते सांगा कोणीतरी. २०१६ पासून डोकं खातंय. धार काढून येतो, तोवर भांडा.