दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) पानाने नानांचा डोळा गेला. पुढच्या खुडणीआधी गावात काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. गेल्या फेब्रुवारीत दादर खुडताना माझ्या वडिलांच्या, नानांच्या, उजव्या डोळ्याला वाळलेलं पान लागलं. पानाची धार घासून गेली, एवढंच. रक्त नाही, सूज नाही. "काई नई व्हयनं, कचरा गया व्हई," म्हणाले, उपरण्याच्या टोकाने डोळा पुसला आणि पुढची पात धरली.

संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला, पाणी थांबेना. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका मेडिकलवरून थेंब आणले. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन दिवसांत लाली उतरली, सगळे निर्धास्त. नवव्या दिवशी माय म्हणाली, बुबुळावर दाण्याएवढं पांढरं दिसतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, फूल पडलं, मध घाला. मध न घालता आम्ही धुळे गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी पांढऱ्या भागाचं किंचित खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवलं. नुसती धाग्यांची गुंतवळ. बुरशी. मग आमची थेंबांची बाटली हातात घेऊन वाचली. त्यात डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. त्याने लाली दबते, दुखणं कमी होतं, पण डोळ्याची स्वतःची लढायची ताकदही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आम्ही ज्या दोन दिवसांत खूश होतो, तेव्हाच ती आत पसरत होती.

पुढे बुरशीवरच्या नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. दुधासारखं पांढरं औषध, बाटली हलवून टाकायचं, पापणीच्या कडेला खडूसारखं साचायचं. माय मोबाइलला गजर लावून उठायची आणि वहीत एकेक रेघ ओढायची. ती वही अजून आहे. डोळा काढावा लागला नाही, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. समोर धरलेली बोटं मोजता येतात, तेवढीच नजर.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. बुरशीवर नॅटामायसिन चांगलं की व्होरिकोनॅझोल, याचा मोठा अभ्यास तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयात झाला आणि २०१३ साली नॅटामायसिन सरस ठरलं. म्हणजे नानांना औषध बरोबरच मिळालं, उशिरा मिळालं. त्यामुळे मला उपचारापेक्षा आधीच्या त्या पहिल्या दिवसाबद्दल विचारायचं आहे.

नेपाळमध्ये भक्तपूरला सुमारे ३५ हजार लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवून एक प्रयोग झाला होता, २००१ साली छापून आला. डोळ्याला काही लागलं की गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्याकडे जायचं, तो जवळच्या केंद्रावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचा. बुबुळाला ओरखडा दिसला तर १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचं मलम, दिवसातून ३ वेळा, ३ दिवस. अशा ४४२ जणांपैकी ४२४ जणांचे डोळे संसर्ग न होता बरे झाले, आणि १८ तासांच्या आत मलम सुरू केलेल्यांपैकी एकाचीही जखम चिघळली नाही. हे वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. पण त्यात मलम न दिलेला तुलनेचा गट नव्हता. पुढे नेपाळमध्येच चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं दोन गटांत वाटून, एकीकडे ओरखड्यावर मलम देणारे कार्यकर्ते आणि दुसरीकडे नाहीत, असा मोठा अभ्यास केला, तो २०२२ साली आला आणि जखमा चिघळण्यात दोन्हीकडच्या गावांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

मग आम्ही करावं काय? दादर पेरून झाली आहे, हाताशी तीनेक महिने आहेत. आमच्या आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) तयार आहेत. ओरखडा ओळखायला त्यांना कोण शिकवेल? मलम त्यांनी दिलेलं चालतं का? आणि चष्मा. मी दोन प्रकारचे संरक्षक गॉगल आणून पाहिले. अर्ध्या तासात घामाने आतून धुकं धरतं, मग बाया ते डोक्यावर सरकवतात, त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. कुणाच्या शेतात मजूर खरोखर दिवसभर घालतात असा चष्मा आहे का?

प्रतिसाद

दादा, मी जळगावला डोळे तपासणीचं काम करते. ओरखडा साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. फ्लोरेसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवायची आणि निळ्या उजेडाच्या टॉर्चने बघायचं, ओरखडा हिरवा चमकतो. हे एका दुपारी शिकवता येतं. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, त्यांना गाठा. मलम मात्र चिठ्ठीवरचंच औषध आहे, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा लेखी होकार घ्या, आशाताईंवर एकटीवर टाकू नका. मला विचाराल तर मलमाआधी तीन गोष्टी: डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा, आणि स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय आणायचे नाहीत. पानकाडी लागलेल्या डोळ्यावर घट्ट पट्टीही बांधू नका. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं किंवा पांढरं दिसलं तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. सोमवारी आशाताईंना घेऊन आरोग्य केंद्रात जातो. थेंबांच्या बाटलीचा फोटो मोठा छापून पारावर लावायचा विचार आहे, कंपनीचं नाव झाकून, फक्त डेक्सामेथासोन हा शब्द दिसेल असा. नाना म्हणतात, शेजारी माझ्या डोळ्याचाही फोटो लावा. चष्म्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. पपई, केळी, मका, कुठल्याही शेतातला अनुभव चालेल, कृपया लिहा.